तांबडा माथा, काळा दगड

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अल्ट्रामॅफिक खडक उघड्यावर दिसत नाही आणि गॉसनही दिसत नाही. खनिजशोधाच्या पुस्तकाची प्रस्तावना अशी सुरू झालेली कोणत्याही प्रकाशकाला रुचायची नाही. तरी हे पुस्तक सगळ्यांत आधी वाचावे ते याच दोन जिल्ह्यांतल्या लोकांनी, असे माझे मत आहे. या दोन्ही गोष्टींचे इतके तोतये इतक्या थोड्या मुलखात दुसरीकडे सहसा भेटत नाहीत. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावरचा जांभा, लाव्हाच्या दोन थरांमधला गेरूसारखा लाल पट्टा, कोयनेच्या खोऱ्यातला काळा जड दगड, त्याच्या पोकळ्यांत भरलेली हिरवी माती, जत-आटपाडीच्या रानातली पांढरी चुनखडी. यांतल्या कशाकडेही बोट दाखवून ‘इथे खाली धातू असणार’ असे सांगणारा माणूस गावोगाव भेटतो. तो लबाड नसतो. त्याने जे पाहिले ते खरेच असते, फक्त त्याचा अर्थ दुसरा असतो.

आधी खडकाविषयी. लाव्हा किंवा शिलारस थिजून झालेल्या खडकांची जात त्यांतल्या सिलिकेवरून आणि मॅग्नेशियम-लोहावरून ठरते. ग्रॅनाइटमध्ये सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास, आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, ५० च्या आसपास. ऑलिव्हिन, पायरॉक्झिन अशी गडद खनिजे ९० टक्क्यांहून अधिक झाली की तो खडक अल्ट्रामॅफिक. त्यातली सिलिका बहुधा ४५ टक्क्यांच्याही खाली उतरलेली असते. ड्युनाइट, पेरिडोटाइट, पायरॉक्झिनाइट ही त्याची मुख्य भावंडे. क्रोमाइट मिळते ते याच कुळात. निकेल आणि प्लॅटिनम गटातले धातू शोधणाराही आधी हेच कूळ धुंडाळतो.

मात्र हा खडक मूळ रूपात क्वचितच भेटतो. ऑलिव्हिनला पाणी मुरले की त्याचे सर्पेंटाइन होते: हिरवट काळे, हाताला बुळबुळीत लागणारे, चाकूने सहज ओरखडणारे. या बदलात लोहाचा काही भाग मॅग्नेटाइट होऊन बाहेर पडतो, म्हणून चुंबक फिरवले की तुकडा ओढला जातो. आणि वजन घटते. ताज्या ड्युनाइटची घनता पाण्याच्या सव्वातीन पट, सर्पेंटाइनची जेमतेम अडीच-पावणेतीन पट. म्हणजे ‘काळा आणि जड दगड तो अल्ट्रामॅफिक’ हा ठोकताळा दोन्ही बाजूंनी फसवतो. जड असतो तो पुष्कळदा साधा बेसाल्ट, आणि खरा अल्ट्रामॅफिक हातात हलका लागू शकतो.

बेसाल्ट ओळखायला भिंग पुरते. ताज्या फोडलेल्या कपचीवर भिंग धरले की काळ्या पार्श्वभूमीत फेल्डस्पारच्या बारीक, पांढुरक्या, चमकणाऱ्या काड्या दिसतात. अल्ट्रामॅफिकमध्ये त्या जवळपास नसतात. रसायनात फरक याहून मोठा आहे. दख्खनच्या बहुतेक बेसाल्टमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड पाच ते सात टक्के असते, अल्ट्रामॅफिकमध्ये ते १८ च्या वर जाते. निकेल पाहिले तर बेसाल्टमध्ये दहा लाख भागांत बहुधा शंभराच्या आत, पेरिडोटाइटमध्ये दोन हजारांच्या आसपास.

साताऱ्याच्या बेसाल्टला भूविज्ञानात मानाचे स्थान आहे, हे इथल्या फार थोड्या लोकांना माहीत असते. दख्खनच्या लाव्हाथरांचा जो सर्वांत वरचा मोठा गट मानतात त्याचे नाव ‘वाई’. त्यात पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशा तुकड्या पाडल्या आहेत. १९८५ मध्ये कीथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ यांनी महाबळेश्वरच्या घाटातल्या थरांचे जे रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केले, ते पुढच्या कामाचा पाया ठरले. घाट चढताना जे थर डोळ्याला एकसारखे काळे दिसतात, ते स्ट्रॉन्शियम, बेरियम, टायटॅनियम यांच्या प्रमाणावरून वेगळे काढता आले. नव्या शोधकाने या कामातून धडा घ्यावा तो एवढाच: या मुलखात रंगावर भिस्त ठेवून चालत नाही.

हिरव्या रंगाचेही तेच. विहीर खणताना ज्याला आपले लोक मांजऱ्या म्हणतात त्या मऊ, भोकाभोकांच्या थरात निळसर हिरवी माती निघते. तांबे, तांबे म्हणून तिच्या पुड्या बांधून ठेवणारे लोक आहेत. ती सेलॅडोनाइट, म्हणजे लोह आणि पोटॅशियम असलेली अभ्रकाच्या नात्यातली माती. तांब्याचे खरे हिरवे खनिज म्हणजे मॅलाकाइट. तो कार्बोनेट असल्याने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडला की फसफसतो. सेलॅडोनाइटवर थेंब नुसता बसून राहतो.

आता गॉसनकडे वळू, कारण घोटाळा सर्वांत जास्त तिथे होतो. जमिनीत गंधकयुक्त धातुके असली, म्हणजे पायराइट, पायरोटाइट, चाल्कोपायराइट, पेंटलँडाइट यांसारखी, आणि वरून पावसाचे पाणी व हवा त्यांच्यापर्यंत पोहोचली, की ती कुजू लागतात. गंधकाचे गंधकाम्ल होते. ते आम्ल तांबे, जस्त, निकेल विरघळवून खाली वाहून नेते. मागे राहते ते लोह, आणि तेही गोथाइट-हेमाटाइटच्या रूपात, गंजलेले, तांबडे-तपकिरी-पिवळे. हा गंजका माथा म्हणजे गॉसन. जुन्या खाणकामगारांनी त्याला लोखंडी टोपी म्हटले आहे. टोपीखाली पाण्याच्या पातळीजवळ वरून वाहून आलेले तांबे पुन्हा साचते, आणि कित्येक खाणींचे नशीब त्या मधल्या पट्ट्यावर उघडले आहे. राजस्थानात राजपुरा-दरिबा, रामपुरा-आगुचा येथे गॉसन जमिनीवर दिसत होते. दरिबाला तर प्राचीन खाणकऱ्यांनी त्याचाच माग काढत खोल खणले.

सातारकराला हे वाचून लगेच पाचगणीचे टेबललँड आठवेल. वर तांबडा, गंजका, भोकाभोकांचा थर, आणि तोही टोपीसारखाच. पण तो जांभा. बेसाल्ट उष्ण, दमट हवेत लाखो वर्षे झिजत राहिला, सिलिका, चुना, मॅग्नेशियम धुऊन गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, आणि ते उन्हात कडक झाले. खाली गंधकयुक्त धातुक असण्याचा प्रश्नच येत नाही. खाली असतो तो आणखी बेसाल्ट. ॲल्युमिनियम पुरेसे साचले असले तर त्याचे बॉक्साइट होते, आणि कोल्हापूरकडे राधानगरीच्या बाजूला त्याच्या खाणी आहेत. म्हणजे जांभा निरुपयोगी नाही, फक्त तो दुसऱ्याच धातूचा निरोप देतो.

दोन्हींतला फरक पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात सविस्तर आला आहे. तरी काही गोष्टी मला इथेच सांगाव्याशा वाटतात, कारण बहुतेक वाचक त्या प्रकरणापर्यंत पोहोचण्याआधीच डोंगरावर गेलेले असतात.

तुकडा उचलण्याआधी लांब उभे राहून आकार पाहावा. जांभा आडवा पसरतो. एकाच उंचीवर, पठारामागून पठार, तो कापून ठेवल्यासारखा सपाट दिसतो. गॉसन खडकाच्या भेगेच्या किंवा थराच्या रेषेने जातो: अरुंद, लांबट, कधी भिंतीसारखा उभा, आणि उतारावरही खाली उतरत जाणारा. मग कड्याजवळ जाऊन खालची बाजू पाहावी. जांभ्याखाली मऊ, डागाळलेली माती, तिच्याखाली मुरूम, मुरमात कांद्यासारखे सोललेले गोटे आणि मग अखंड काळा पाषाण, असा क्रम सावकाश बदलत जातो. गॉसनच्या खाली आम्लाने विरंजलेली पांढरट चिकणमाती आणि पिवळा जॅरोसाइट मिळतो. मग तुकडा फोडावा. जांभ्याच्या आत वाकड्यातिकड्या नळ्या आणि गोल दाणे असतात. खऱ्या गॉसनच्या आत बारीक, कडक पडद्यांची जाळी असते, आणि तिच्या पोकळ्यांना मूळ खनिजाचा आकार असतो. पायराइट गेला तर चौकोनी खळगी मागे राहतात, दुसरे धातुक गेले तर पडद्यांचे कोन वेगळे. रोलंड ब्लँचर्ड यांनी या जाळ्यांच्या अभ्यासात आयुष्याचा मोठा भाग घालवला आणि कोणत्या धातुकाची जाळी कशी असते याचे बारकावे नोंदवले. त्यांची पद्धत आज थोडी मागे पडली, कारण प्रयोगशाळेतले विश्लेषण स्वस्त झाले. माझ्या मते ती पूर्णपणे सोडणे चूक आहे. प्रयोगशाळेला तुकडा कुठून पाठवायचा हे शेवटी डोळ्यांनीच ठरवावे लागते.

विश्लेषणाचा आकडा हाती आला तरी तो जपून वाचावा लागतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मुळातच दहा लाखांत शंभर-दोनशे भाग तांबे असते. त्याच्यापासून झालेल्या जांभ्यात तेवढे तांबे सापडले तर त्यात नवल काही नाही. तसेच लोहाचे ऑक्साइड भोवतालच्या पाण्यातले धातू शोषून धरते, त्यामुळे नुसत्या झऱ्याकाठच्या गंजातही आकडे फुगतात. अल्ट्रामॅफिक खडकावर जांभा तयार झाला तर ओडिशातल्या सुकिंद्यासारखे त्यात निकेल भरपूर दिसते, पण खाली निकेलचे सल्फाइड असतेच असे नाही. निकेलबरोबर तांबे आणि पॅलेडियमसारखे धातूही वाढलेले दिसले, तर मात्र पुढे पाहावे.

साताऱ्यात आणखी एक तोतया आहे आणि तो माणसाने केलेला आहे. महाबळेश्वर-मेढ्याच्या डोंगरात धावड लोक पूर्वी जांभ्यातले लोखंड गाळत. जंगले राखीव झाली, कोळसा मिळेनासा झाला आणि तो धंदा एकोणिसाव्या शतकात बसला. पण भट्ट्यांचे कीट रानात अजून पडलेले असते. मंडूर भस्म करणाऱ्या वैद्याला ते ओळखू येईल. ते जड, काळे, भोकाभोकांचे, कधी चुंबकाला चिकटणारे असते आणि नवख्याला हुबेहूब गॉसन वाटते. कीट एकदा वितळलेले असते, म्हणून त्याच्या पृष्ठभागावर वाहत गेल्याच्या वळ्या आणि काचेसारखी झाक दिसते. कधी आत कोळशाचा ठसाही सापडतो.

गॉसन न ओळखल्याने आणि भलतेच काही गॉसन समजल्याने काय होते याची दोन्ही उदाहरणे पश्चिम ऑस्ट्रेलियात घडली. कंबाल्डा येथे युरेनियमच्या शोधात हिंडणाऱ्या जॉर्ज काउकिल यांनी गंजके तुकडे उचलले होते. त्यांत निकेल होते, पण बरीच वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९६६ च्या जानेवारीत वेस्टर्न मायनिंग कंपनीने तिथे भोक पाडले आणि निकेलचे श्रीमंत सल्फाइड लागले. ते कोमाटिआइटच्या तळाशी होते, म्हणजे प्राचीन काळी पृष्ठभागावर वाहिलेल्या अल्ट्रामॅफिक लाव्हात. नंतर १९६९ मध्ये विंडारा येथे निकेल सापडल्याची बातमी आली आणि पोसायडन कंपनीचा एक डॉलरहूनही स्वस्त असलेला समभाग १९७० च्या फेब्रुवारीत २८० डॉलरवर गेला. त्या वेडात तांबडा दिसेल तो प्रत्येक माथा गॉसन ठरला. खऱ्याखोट्या गॉसनची छाननी करणारे बरेचसे शास्त्र त्या धुळवडीनंतर उभे राहिले.

मग प्रश्न येतो, दख्खनमध्ये असे काही का नाही? सायबेरियातही असेच प्रचंड लाव्हाथर आहेत, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि तिथे नोरिल्स्कला निकेल, तांबे, पॅलेडियम यांचा जगातला एक मोठा साठा आहे. आपले थर साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांचे, आकाराने तेही भव्य. नोरिल्स्कला वर येणाऱ्या शिलारसाला वाटेत गंधक असलेले जुने गाळाचे थर भेटले. गंधक मिळाल्यामुळे सल्फाइडचे थेंब वेगळे झाले आणि त्यांनी धातू गोळा केले. साताऱ्याखाली काय आहे हे आता बऱ्यापैकी माहीत आहे, आणि ते कळले भूकंपांमुळे. १९६७ च्या डिसेंबरमधल्या कोयनेच्या भूकंपानंतर तिथल्या जमिनीचा अभ्यास कधी थांबला नाही, आणि गेल्या दशकात तिथे खोल विंधनविवरे घेण्यात आली. रासाटीला सुमारे ९३० मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइस लागला. मधे गाळाचा थर नव्हता. गोठण्याला २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विवर गेले. हे काम चालवणारी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कऱ्हाडला आहे. एवढ्यावरून अख्ख्या दख्खनचा निकाल लागत नाही. पण निदान कोयनेखाली शिलारसाला गंधक पुरवणारा गाळाचा थर सापडलेला नाही.

खरा अल्ट्रामॅफिक पाहायचा तर घाट उतरावा लागतो. सांगलीहून कोल्हापूर, गगनबावडा करत खाली गेले की लाव्हाचे आवरण संपते आणि त्याच्याखालचे फार जुने खडक उघडे पडतात. कणकवलीजवळ जानवली आणि वागदे येथे अल्ट्रामॅफिक खडक आहेत आणि त्यांत क्रोमाइट आहे. पण तिथेही वरून जांभ्याचे पांघरूण आहेच, म्हणून खडकापेक्षा आधी नाल्यांतला गाळ पाहावा लागतो: काळे, जड, कडक दाणे, ज्यांची रेघ चिनीमातीच्या खरबरीत तुकड्यावर तपकिरी उठते. मॅग्नेटाइटची रेघ काळी उठते आणि ते चुंबकाला जोराने चिकटते. क्रोमाइट फार तर मंदपणे. आणखी खाली गोव्यात उसगाव-बोंडल्याच्या बाजूला मॅफिक-अल्ट्रामॅफिक खडकांचे मोठे संकुल आहे. विदर्भात पवनी आणि टाका येथे क्रोमाइटच्या नोंदी आहेत, आणि चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासनाला तांबे. मुरूड-जंजिऱ्याची गंमत वेगळीच. तिथल्या लॅम्प्रोफायर खडकाच्या भित्तींनी वर येताना खोलवरच्या कवचातले आणि त्याखालचे तुकडे ओढून आणले आहेत. त्यांत पायरॉक्झिनाइटचेही आहेत. खाण त्यातून होणार नाही. पण लाव्हाच्या तळाशी काय दडले आहे याचा तो कोकणच्या किनाऱ्यावरचा हाताला लागणारा पुरावा आहे.

वनस्पतींचा एक ठोकताळा पुस्तकांतून फार फिरतो: अल्ट्रामॅफिकवर झाडे खुरटी असतात. मॅग्नेशियम जास्त, कॅल्शियम कमी आणि निकेल भरपूर, म्हणून ते खरेही आहे. पण कासच्या पठारावरही झाडे नाहीत. तिथे कारण धातू नव्हे. कठीण जांभ्यावर मातीचा थर बोटभर आणि पावसाळ्यात पाणी तुंबलेले. तसेच अल्ट्रामॅफिकच्या भेगांत पांढऱ्या मॅग्नेसाइटच्या शिरा असतात, आणि जत, आटपाडी, माणच्या कोरड्या रानातही पांढरे खडे विखुरलेले दिसतात. थंड सौम्य आम्ल टाकावे. चुनखडी लगेच फसफसते. मॅग्नेसाइट थंड असताना जवळपास गप्प असतो. कुटून, आम्ल गरम केले तर उसळतो.

या पुस्तकाच्या वाचकांत मला एक वर्ग हमखास दिसतो, तो विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि माण-खटावमधल्या गलाई कुटुंबांचा. सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी ही माणसे देशभर पसरली आहेत. कसोटीचा दगड आणि तेजाब यांच्याशी त्यांची ओळख कोणत्याही पदवीधर भूवैज्ञानिकापेक्षा जुनी. सुट्टीला गावी आलेल्या मामांपुढे भाच्याने रानात सापडलेला पिवळा चमकता खडा ठेवला, तर ते सांगतील ते बिनचूक असेल, की हे सोने नव्हे, पायराइट. पण तो पायराइट आला कुठून, त्याच्या वर गंज होता का, गंजाला जाळी होती का, हे प्रश्न गलाईच्या दुकानात येत नाहीत. ओडिशा-झारखंड-राजस्थानात वसलेल्या या वाचकांना खरे गॉसन आणि खरे सर्पेंटाइन घराजवळ पाहता येईल. गावाकडच्यांना आधी तोतये ओळखावे लागतील. दोघांनाही पुस्तक एकच.

काही सूचना कडक शब्दांत. सर्पेंटाइनमध्ये रेशमी धाग्यांच्या शिरा दिसल्या तर त्या क्रिसोटाइल ॲस्बेस्टॉसच्या असतात. त्यांवर कोरडा हातोडा मारू नये, कुटू तर अजिबात नये, कारण ती धूळ फुप्फुसात कायमची राहते. निकेलची गुलाबी चाचणी, म्हणजे डायमिथिलग्लायॉक्झाइमची, सोपी आहे, पण ती निकेल आहे एवढेच सांगते, किती आहे आणि कोणत्या खनिजात आहे ते सांगत नाही. कास २०१२ पासून जागतिक वारसा स्थळात आहे. तिथे हातोडा नेऊ नये, भिंग न्यावे. खनिजशोधाला १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याप्रमाणे परवाना लागतो. हौशी माणसाने पाहावे, नोंदवावे, मालकाला विचारून मूठभर नमुना घ्यावा, खड्डे खणू नयेत. निघण्याआधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावरचा त्या भागाचा नकाशा पाहावा. जे गॉसन वाटते आहे तिथे नकाशात जांभा दाखवला असेल तर निम्मा प्रवास वाचतो.

नमुन्याच्या पिशवीवर गाव, अक्षांश-रेखांश, उंची आणि खडक जागेवरचा होता की घरंगळून आलेला, एवढे लिहावेच. शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात आणि तीच प्रयोगशाळेला सर्वांत आधी हवी असते. माथ्यावरचे खडक पाहायला फेब्रुवारी ते मे बरे, गवत वाळलेले असते. कणकवलीकडे नाल्यातला गाळ धुऊन पाहायचा तर पाणी लागते. तिकडे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जावे.